मामाजीच्या ब्रेकचा गोळा

नाही, पण मी काय म्हणतो, गाडी चालत नसती तर माह्यं काही म्हणणंच नव्हतं! न चालणाऱ्या गाड्या बुलढाण्यात कमी आहेत का? कोणत्याही गल्लीत जा, एखादी उभी दिसनच, वरून ताडपत्री, खाली कुत्री व्यायलेली… कोणाले काही त्रास आहे का तिचा? आमची चालते हो! चावी फिरवली की लोण्यासारखी निघते. एकदा निघाली का मंग… आता कसं सांगू तुम्हाले… गाडीले काही झालं नाही, फक्त थांबत नाही.

हे वाक्य माह्यं नाही बरं. माह्या सासऱ्याचं आहे. माणिकराव नाव, आम्ही मामाजी म्हणतो. साखरखेर्ड्याले बी-बियाण्याचं दुकान होतं त्याइचं. वय विचारू नका. मी एकदा विचारलं होतं तर म्हणे, "कामून जावईबापू, स्थळ आणलं का माझ्यासाठी?" ते असं 'मला, माझ्यासाठी' बोलतात, त्याइचं गाव जालन्याच्या बाजूले. आम्ही आपले 'मले'वाले. तर दुकान बंद केलं आणि मामाजी आमच्याकडं राहाले आले. एकुलती एक पोरगी, ती माह्या गळ्यात… म्हणजे माह्या घरात. येताना तीन गोष्टी आणल्या. एक ट्रंक, एक बहीण आणि ही गाडी.

गाडी म्हणजे कशी, तुम्ही म्हणसान असन एखादी मारुती. नाही बावा! परदेशी! लांबलचक, सायीच्या रंगाची, आत लाकडाच्या पट्ट्या, कातड्याच्या सीटा. कोण्या कारखानदारानं वापरली, मंग कोण्या डॉक्टरनं वापरली, आणि दोघंही थकल्यावर मामाजीनं घेतली. कंपनीचं नाव घेत नाही मी, जिभेले गाठ पडते. आमच्या अंगणात मी स्कूटर लावत होतो, स्कूटर! तथी ही आली. तोंड वट्ट्यावर, बूड गल्लीत. दूधवाला तिले प्रदक्षिणा घालून येते. आणि मी, एका कॉलेजच्या ऑफिसातला क्लार्क, लक्ष्मीकांत, मले गल्लीत लोक आता 'गाडीवाले' म्हणतात. चालवली मी एकदाही नव्हती! चावी मामाजीच्या जानव्याले.

पहिल्यांदा आमचं फाटक गेलं. मामाजी उतरले, दार लावलं, त्या दाराचा आवाज काय हो, 'ठप्प', चष्मा धोतराले पुसला आणि म्हणाले, "गाडीला काही झालं नाही, फक्त थांबत नाही." मंग शेजारच्या सहदेवभाऊची पाण्याची टाकी गेली. उतरले, ठप्प, चष्मा पुसला, "गाडीला काही झालं नाही…" सहदेवभाऊ भिजेल उभा! तो मले म्हणते, "लक्ष्मीकांतभाऊ, गाडीले झालं नाही हे दिसूनच राह्यलं ना बे मले! टाकीले काय झालं ते पाह्य ना!" मंग तुळशीवृंदावन. तथी मात्र केसरआत्या, म्हणजे मामाजीची ती बहीण, दोन दिवस भावाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, कारण तिले दुसरं कोणी ऐकत नाही.

आता माह्या बायकोचं, स्नेहलताचं, म्हणणं एकदम सरळ. "अहो, ब्रेक नाही हो, डोळे! बाबाइले दिसत नाही!" आणि ते खोटं नव्हतं. त्याच आठवड्यात दाराआड टांगलेल्या माह्या रेनकोटले मामाजी म्हणाले होते, "बसा ना, उभे कामून? चहा घेऊन जा." रेनकोट काय बसते? मंग मामाजी आत येऊन म्हणाले, "कोण हो ते, लई मानी माणूस दिसतो."

पण डोळे दाखवा म्हटलं का बिघडलं! "डोळ्याला काय धाड भरली? ब्रेकला झालंय! ब्रेक दगडासारखा लागतो पायाला. तुम्हाला वाटतं म्हातारा आंधळा झाला. एक काम करा जावईबापू. ब्रेक नीट करून आणा. त्यानंतर गाडी कुठं लागली, तर चावी तुमच्या हातात आणि मी डोळ्याच्या डॉक्टरच्या दारात. आणि नाही लागली, तर मी एकटा साखरखेर्ड्याला जाऊन येतो. गाडी घेऊन. एकटा."

आता झाली का पंचाईत? ब्रेक नीट झाला तर सासरा हायवेवर, ट्रकच्या मधात, आणि नाही झाला तर गल्लीत टाक्या किती उरल्या आहेत? स्नेहलता मले स्वयंपाकघरात ओढून कानात म्हणते, "नीट करू नका." बाहेर मामाजी वट्ट्यावरून, "जावईबापू, मेस्तरी पाहिला का?" मी मधात. जवाई माणसाले मधातच ठेवतात हो, पोळीतल्या पुरणासारखं, दोन्हीकडून लाटाले बरं.

पाहिला मंग मेस्तरी. कुलदीप. शहरातले बाकीचे मेस्तरी अंगणात आले, गाडी पाहून म्हणाले, "सुंदर आहे", आणि निघून गेले. कुलदीप मात्र थांबला. त्यानं बॉनेट उघडलं. चावी फिरवली. आतून घुर्रर्र असा आवाज आला, बंद झाला, मी ब्रेकवर पाय ठेवला की पुन्हा घुर्रर्र. कुलदीपनं कान लावला, डोळे मिटले आणि माह्याकडं वळून म्हणते काय, "सर, गाडीले काही झालं नाही. फक्त थांबत नाही."

मी म्हटलं, तुले मामाजीनं शिकवून पाठवलं का बे?

तर त्यानं समजावलं. लई समजावलं. म्हणजे असं आहे म्हणे, ह्या गाडीत एक गोळा असते. अ‍ॅक्युम्युलेटर. आमच्या घरी हा शब्द कोणाच्याच तोंडात बसला नाही, म्हणून गोळा. लोखंडी, काळा, नारळाएवढा. आत रबराचा पडदा, पडद्याच्या एका अंगाले गॅस कोंडेल, दुसऱ्या अंगाले पंप तेल दाबून ठेवते. तुम्ही ब्रेकवर पाय ठेवला का तो दाब धावत येते आणि तुमच्या पायाले जोर देते. गोळ्यातला गॅस गेला का पंप बिचारा नुसता घुर्रघुर्र करत राहाते, आणि गाडी थांबवाची ती तुमच्या स्वतःच्या पायाच्या जोरावर. आणि मामाजीचा पाय तुम्ही पाह्यला का? काडी हो, तुरीची काडी!

म्हणजे मामाजी खरं बोलत होते! ब्रेक खरंच गेला होता! मी घरात जाऊन सांगितलं तर मामाजीनं मिशीवरून हात फिरवला आणि पोरीकडं असं पाह्यलं… आणि स्नेहलतानं माह्याकडं असं पाह्यलं, का जसा तो गॅस मीच पेऊन टाकला.

गोळा काही इकडं मिळणारा नव्हता. मुंबईच्या कोण्या माणसानं तो परदेशातून मागवून दिला. आला एकदाचा! खोकं उघडलं, आत काळाभोर तुळतुळीत गोळा, तोंडाले लाल झाकण घट्ट बसवेल. कुलदीप संध्याकाळी येणार होता. मी तो गोळा टेबलावर ठेवला, घरात सगळ्याइले बजावून सांगितलं, "कोणी हात लावू नका", आणि ऑफिसले गेलो. चुकलो ना! आमच्या घरात 'हात लावू नका' म्हटलं का केसरआत्याले एकच कळते, का वस्तू सोवळ्यातली आहे. म्हणून तिनं पहिले आंघोळ केली. मंग हात लावला.

संध्याकाळी येऊन पाहातो तर गोळा देवघरात. तांब्याच्या ताम्हनात, वर बेलाचं पान, बाजूले उदबत्ती. हळदीकुंकू वाहेल, आणि लाल झाकण काढून पाटावर ठेवेल. मी म्हटलं, "आत्या, हे काय केलं?" तर म्हणे, "बापू, जिच्यावर जीव सोपवून माणूस बसतो ती वस्तू पूजा केल्याबिगर गाडीला लावतात व्हय? दसऱ्याला आपण विळा-कुदळसुद्धा पूजतो." मी म्हटलं, ते खरं आहे, पण झाकण काऊन काढलं? तर म्हणे, "तोंड बांधून ठेवलं तर नैवेद्य जाईल कुठून?"

कुलदीप आला, त्यानं गोळा उचलला, जरासा कलता केला… आणि तसाच उभा राह्यला. हळूच म्हणे, "सर… याच्यातून दही येऊन राह्यलं."

दूध, दही, तूप, मध, साखर, सगळं आत! कुलदीप डोक्याले हात लावून म्हणे, "आत्याबाई, याच्यात पाण्याचा एक थेंब चालत नाही!" आणि आत्या काय म्हणते? "पाणी कुठं घातलं बाबा? पंचामृत घातलं." आता बोला! तुम्हाले सांगतो, मी रागावलो नाही. राग येण्यासाठी समोरच्यानं चूक केली असली पाहिजे. आत्यानं काय चूक केली? भावाचा जीव त्या गोळ्यावर आहे हे तिले कळत होतं, आणि जीवाची गोष्ट असली का आम्ही काय करतो, पूजा करतो. गोळ्याच्या कंपनीले हे माहीत नव्हतं, तो त्याइचा दोष.

दुसरा गोळा मागवला. आता तो कधी येईन ते कोणालेच माहीत नाही. गाडी अंगणात उभी. गल्ली निर्धास्त. सहदेवभाऊनं नवी टाकी बांधली, जुन्या जागेपेक्षा जरा मागं. स्नेहलता खूश, ती तर देवघरात ताम्हनाले दोनदा नमस्कार करे. पण मामाजी! ते रोज मी ऑफिसातून आलो का वट्ट्यावरून विचारत, "गोळा आला का?" नाही म्हटलं का, "बरं" म्हणत आणि आत जात. जेवण कमी झालं. एक दिवस मले म्हणाले, "जावईबापू, बायको गेली, दुकान गेलं, गाव गेलं. माणूस एवढं सगळं पाहून सोडतो तर गाडीही सोडील. पण एका ब्रेकच्या पायी मला आंधळा म्हणू नका. ते लागतं." मले लई वाईट वाटलं हो. मी म्हटलं, "येईन गोळा."

आला. यावेळेस मी हुशार! खोकं घरी आणलंच नाही, ऑफिसच्या कपाटात ठेवलं. पण आत्याले वास लागला. उपाशी बसली! शेवटी तोडगा काढला, पूजा होईन, पण खोक्याची. न उघडता. मंग पुठ्ठ्याच्या खोक्याले हळदीकुंकू, फूल, नैवेद्याची वाटी खोक्यासमोर. खोक्यावर लिहेल होतं 'सांभाळून हाताळा', ते आत्यानं मले वाचाले लावलं आणि म्हणे, "बघ, त्यांनाही माहीत आहे."

आता गोळा बदलाचा म्हणजे काय नुसता पिळून काढाचा आहे का? कुलदीपनं मोबाईलवर एक व्हिडिओ लावला, कोण्या परदेशी माणसाचा. मी म्हटलं, "तो काय म्हणून राह्यला?" कुलदीप म्हणे, "भाषा समजत नाही सर, हात पाहा ना त्याचे." त्यात तो माणूस गाडी बंद करून ब्रेक दाबते, सोडते, दाबते, सोडते. म्हणजे आतला उरलासुरला दाब पहिले संपवाचा, नाहीतर जोड सैल केला का तेल थेट तोंडावर. हे काम कोणाले देलं? मामाजीले! ते सीटवर बसले, एका हातात जपमाळ, आणि एक मणी, एक ब्रेक. एक मणी, एक ब्रेक. तल्लीन! कुलदीप समोरून ओरडते, "झालं मामाजी, बस!" मामाजी म्हणतात, "थांब रे, अर्ध्या माळेवर सोडत नसतात." आख्खी माळ होईपर्यंत तो गडी बॉनेटमध्ये वाकून उभा. मंग जुना गोळा हलेना. पान्ह्याले पाईप लावला, कुलदीप लोंबकळला, मी लोंबकळलो, सहदेवभाऊही आला, त्याले तर स्वतःचं हित दिसत होतं. निघाला! नवा बसवला, नवीन तेल ओतलं, नळ्यातली हवा काढली, आणि कुलदीपनं एक चक्कर मारून आणली. उतरला तो छाती काढून. "सर! आता अशी थांबते, अशी थांबते, का मागच्यानं आपलं पाहून घ्यावं!"

म्हणजे आता गाडीले खरंच काही झालं नव्हतं, आणि थांबतही होती. राह्यला तो फक्त मामाजीचा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाजी तयार. इस्त्रीचं धोतर, काळा कोट, टोपी. आत्यानं चारी चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मी बाजूच्या सीटवर. घरासमोर मोकळा प्लॉट आहे, तथी एक फेरी माराची, फाटकाशी परत याचं, मंग आत्या औक्षण करणार आणि मंग साखरखेर्डा. असं ठरलं. स्नेहलता फाटकात, पदर तोंडाशी.

निघाले हो मामाजी! लिंबं फुटली, फट फट. प्लॉटवर फेरी मारली, झकास! बाभळीजवळ थांबवून दाखवली, जागच्या जागी. माह्याकडं वळून म्हणतात, "पाहिलं? डोळे म्हणत होते!" मी म्हटलं, "हाव मामाजी." खरं सांगतो, मले आनंद झाला. मले वाटलं, जाऊ दे, स्नेहलता बोलन चार दिवस, पण म्हाताऱ्याचं खरं झालं.

परत वळले. फाटकासमोर केसरआत्या उभी. लाल लुगडं. हातात ताट, ताटात निरांजन पेटेल. ओवाळून घेणारानं थांबाचं असते, ओवाळणारी हलत नसते, ही रीत, म्हणून ती मधोमध उभी, हसत, भाऊ गाडी घेऊन येऊन राह्यला म्हणून. आणि मामाजी सरळ. मले वाटलं आता हळू करतीन. आता करतीन. स्नेहलतालेही तेच वाटलं, कोणी ओरडलंच नाही! दिवा लागेल, लाल लुगडं, एवढी मोठी बाई, कोणाले दिसणार नाही हो? मंग मी मामाजीच्या तोंडाकडं पाह्यलं. ते फाटकाकडं पाहून हसत होते. आत्याकडं नाही. फाटकाकडं.

"मामाजी, ब्रेक!"

दाबला. तुरीच्या काडीनं दाबला, आणि गाडी जमिनीत रोवल्यासारखी उभी राह्यली. आत्याचं ताट बॉनेटले टेकलं, कुंकू सांडलं. तिले काही समजलंच नव्हतं. ती म्हणते, "दादा, खाली उतरतोस का आतच लावू टिळा?"

मामाजीचे दोन्ही हात स्टिअरिंगवर. माह्याकडं न पाहाता हळूच विचारलं, "जावईबापू, समोर कोण आहे?"

मी म्हटलं, "आत्या आहे."

"केसर?" मंग पुन्हा, "दिवा लागलेला आहे का तिच्या ताटात?"

मी म्हटलं, "हाव."

त्याइनं गाडी बंद केली. जानव्याची गाठ सोडली आणि चावी माह्या हातात ठेवली. म्हणाले, "ब्रेक चांगला झाला." बस. खाली उतरले, बहिणीसमोर उभे राह्यले, टिळा लावून घेतला. स्नेहलतानं बॉनेटवरचं कुंकू पदरानं पुसलं. मी कुलदीपले फोन केला, म्हटलं, तुह्या गोळ्यानं आज एक माणूस वाचवला रे. तो म्हणे, "काय झालं सर, पुन्हा दही आलं का?"

तर मामाजी शब्दाचे पक्के. गेले डोळ्याच्या डॉक्टरकडं. मोतीबिंदू, दोन्ही डोळे, पिकून आंबा झालेला. पहिले एका डोळ्याचं ऑपरेशन, मंग दुसऱ्या. पट्टी काढली तेव्हा आम्ही सगळे समोर उभे. मामाजीनं डोळे किलकिले केले, मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं आणि म्हणाले, "जावईबापू… तुम्ही एवढे म्हातारे कधी झाले?"

इथपर्यंत ठीक होतं हो! इथं थांबलं असतं तर मी तुम्हाले कायले तरास देला असता? पण तो डॉक्टर! काही गरज नसताना म्हणते, "काका, दूरची नजर एकदम तरुण पोरासारखी झाली तुमची." मामाजी घरी आले, चहा घेतला आणि माह्यासमोर हात पसरला. "ब्रेकचं झालं. डोळ्याचं झालं. आता अडचण काय आहे?" मी स्नेहलताकडं पाह्यलं. स्नेहलतानं वरच्या पंख्याकडं पाह्यलं. देली चावी. काय कारण सांगता?

आता दर गुरुवारी शेगाव. बोथ्याच्या घाटातून. मामाजी चालवतात, मी बाजूले, मागं आत्या. आणि मामाजीले आता सगळं दिसते ना! एवढ्या वर्षांचं राहून गेलेलं सगळं त्याइले एकाच घाटात पाहाचं आहे! वळणावर म्हणतात, "ते पाहा जावईबापू, रोही, नीलगाय! तिकडं, त्या सागाच्या मागं!" दुसऱ्या वळणावर मागं वळून, मागं हो, "केसर, माकडाचं पिल्लू पाहिलं का?" लांबच्या लांब पाट्या वाचतात, मोठ्यानं, पूर्ण, खालचा फोन नंबरही. फक्त समोरचा ट्रक सोडून जगात सगळं पाहातात. आणि थांबते हो गाडी, दरवेळेस थांबते, ट्रकच्या बुडाशी, जागच्या जागी, गोळ्याले नाव ठेवाले जागा नाही.

पण मी काय करतो? माह्या पायाखाली ब्रेक नाही हे मले माहीत आहे. मी शिकेल-सवरेल माणूस आहे. तरी दाबतो. जाताना दाबतो, येताना दाबतो. परवा चपलेचा तळ गेला, आरपार, एका पायाचा, उजव्या. दुकानात गेलो, म्हटलं भाऊ, उजवी एक द्या. त्यानं चप्पल पाह्यली, माह्याकडं पाह्यलं. म्हणे, "एक मिळत नाही साहेब, जोडीच घ्या लागन."

घेतल्या दोन जोड्या. गुरुवार तर दर आठवड्याले येते ना.